सही तुझी, गोळे माझे

आई,

काल पुन्हा तुझ्या नावाने टपाल आलं. गुळगुळीत कागद, कोपऱ्यात झेंडा, आत देश बुडत चालल्याची बातमी. तुला जाऊन आठ हिवाळे झाले. मी काउंटीच्या निवडणूक कचेरीला मृत्यूचा दाखला पाठवला, मतदारयादीतून तुझं नाव निघालंही, पण पक्षांच्या याद्यांमध्ये तू अजून ठणठणीत आहेस. एक पक्ष म्हणतो समोरच्यांनी देश बुडवला, दुसरा म्हणतो आम्हाला निवडून दिलं नाहीत तर बुडेल, आणि दोघांनाही तू त्यांची वाटतेस. मी ते कागद रद्दीत टाकतो, पण आधी उघडून वाचतो. पाकिटावर तुझं नाव छापलेलं दिसलं की तसंच टाकवत नाही.

इथलं नेपरव्हिल आता ओळखू येणार नाही असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. सगळं तसंच आहे. सकाळी शिकागोच्या ट्रेनला तीच माणसं, तेच कॉफीचे पेले. बिघडलंय ते बोलणं. मंडळाच्या गणपतीत जेवणाची टेबलंसुद्धा वाटली गेली आहेत. एका टेबलावर या सरकारवर खूश असलेले, दुसऱ्यावर त्याचं नाव काढलं की घास अडकणारे, आणि मधल्या टेबलावर घरांच्या किमतींबद्दल बोलणारे शहाणे. मी कितीतरी वर्षं पहिल्या टेबलावर बसलो. का बसलो, ते तुला ठाऊक आहे. ग्रीन कार्डसाठी आम्ही अकरा वर्षं काढली. आम्ही रांगेत उभे राहिलो, मग बाकीच्यांनी का नाही, हे माझं पालुपद होतं. टॅक्स कमी होईल हेही मनात होतंच, मी काही भोळा नव्हतो. हल्ली मी कुठल्याच टेबलावर बसत नाही. हातात प्लेट धरून उभ्याउभ्या जेवतो आणि पाठदुखीचं कारण सांगतो.

आपला बर्फ काढणारा माणूस तुला आठवत असेल. तू त्याला दारातून आल्याचा चहा द्यायचीस आणि मूठभर चिवडा कागदात बांधून. त्याला मराठी येत नव्हतं, तुला स्पॅनिश येत नव्हतं, आणि तरी तुम्हा दोघांचं पाच-पाच मिनिटं काहीतरी चालायचं. या हिवाळ्यात तो आला नाही. त्याच्या मेव्हण्याचा फोन आला, की त्याला इमिग्रेशनवाल्यांनी दुकानाच्या पार्किंगमधून उचललं, कुठे नेलंय ते अजून कळत नाही. मला वाटलं होतं गुन्हेगारांना पकडतील. तसंच म्हणाले होते. मी फावडं घेऊन ड्राइव्हवे साफ करायला लागलो आणि समोरून एक काळी गाडी हळू गेली, तेव्हा माझा हात आपोआप खिशातल्या पासपोर्टकडे गेला. स्वतःच्या दारात, आई. भीतीमागोमाग मला राग आला, पण कुणाचा ते तेव्हा कळलं नाही. आता कळतं.

तुझी नात शिकागोत तिसरीच्या मुलांना शिकवते. तुझाच धंदा तिने उचलला. तिच्या वर्गात चोवीस मुलं आहेत आणि मागच्या शरदात कितीतरी दिवस सहा-सात बाकं रिकामी असायची, कारण आईबाप भीतीने घराबाहेर पडत नव्हते. शाळा सुटली की ती आणि दुसऱ्या शिक्षिका कोपऱ्याकोपऱ्यावर उभ्या राहायच्या, मुलं घरी पोचेपर्यंत. दिवाळीला ती आली आणि तिने सरळच विचारलं, मी मागच्या वेळी कुणाला मत दिलं. मी सांगितलं. ती ताटावरून उठली नाही, तुझ्यासारखीच, जेवण संपवलं. मग म्हणाली, "बाबा, आजी इकडे येऊन किती वर्षं झाली होती? तरी त्या माणसाबद्दल शी गॉट इट. यू हॅव बीन हिअर थर्टी इयर्स." जाताना लाडवांचा डबा तेवढा घेऊन गेली. त्यानंतर पाच महिने तिचा फोन नाही, मेसेज नाही.

"आजीला कळलं होतं." हे वाक्य घरात राहिलं ते राहिलंच. तू हयात असताना कधी इतकी या स्वयंपाकघरात वावरली नसशील, तितकी आता वावरतेस.

मला बार्शीचं घर आठवतं. निवडणुकीची ड्यूटी करून तू परत यायचीस, दोन दिवस अंघोळ नाही, बोटांना शाईचे डाग, आवाज बसलेला. पिठलं-भाकरी खाताखाता तू सगळं सांगायचीस. एकदा कुठल्याशा वाडीवर एक बडा बागायतदार आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन केंद्रात आला. तिला दिसत होतं, चालता येत होतं, तरी हा तिच्याबरोबर आत जायला निघाला. तू केंद्राध्यक्ष. तू त्याला अडवलंस. तो म्हणाला, "बाई, तिला काय कळतंय? दोन्ही शिक्के मीच मारतो." तू म्हणालीस, "कळो नाहीतर न कळो, मत तिचं आहे. तुम्ही दाराबाहेर थांबा." ती म्हातारी आत गेली, दहा मिनिटं बाहेर येईना. नंतर मतपत्रिका उलटीच घडी करून तुझ्यासमोर पेटीत टाकली, आणि शिक्का दोन चिन्हांच्या मधल्या रेघेवर पडलेला तुला दिसला. मी विचारलं, मग काय उपयोग? तू भाकरीचा तुकडा मोडत म्हणालीस, "बाद झालं असेल. पण तिचं तिने बाद केलं." मी तेव्हा आठवीत होतो आणि मला ते फार आवडलं होतं.

आणि याच नेपरव्हिलच्या स्वयंपाकघरात तू अडुसष्टाव्या वर्षी नागरिकत्वाच्या परीक्षेचा अभ्यास केलास. शंभर प्रश्न. तू मेथी निवडायचीस आणि नात प्रश्न विचारायची, "आजी, हू मेक्स फेडरल लॉज?" तू तिला उत्तर द्यायचीस आणि वर तिचे उच्चार सुधारायला जायचीस. परीक्षेत इंग्रजी वाक्य वाचायला दिलं ते तू वाचलंस, लिहायला दिलं ते लिहिलंस. अधिकारी म्हणाला, हँडरायटिंग फार सुंदर आहे. घरी येईपर्यंत तू ते मला तीनदा सांगितलंस.

मग ती निवडणूक आली. तुला केंद्रावर जायचं होतं, रांगेत उभं राहायचं होतं. मी म्हटलं, थंडी आहे, गुडघे दुखतील, पोस्टाने करू. तुझे सगळे कागद मीच भरायचो, बँकेचे, विम्याचे, दवाखान्याचे. मी भरायचं आणि तू सही करायची, हे आपल्यात ठरलेलंच होतं. एका रविवारी दुपारी मी दोन्ही मतपत्रिका टेबलावर घेतल्या आणि नावांपुढचे गोळे पेनाने काळे केले, आधी माझे, मग तुझे. एकाच पक्षाचे, वरपासून खालपर्यंत. तुला विचारायचंही मला सुचलं नाही. तू झोपून उठलीस, चष्मा लावून आलीस आणि म्हणालीस, "वरच्या जागेला, अध्यक्षाच्या, मला तो नको. ज्याला रागावल्याशिवाय बोलता येत नाही, त्याला मी वर्गाचा मॉनिटरसुद्धा केला नसता. दुसऱ्याला दे." गोळा तर भरून झाला होता. नवीन मतपत्रिका मागवायची म्हणजे काउंटीत फोन, पुन्हा ओळख पटवणं, पुन्हा आठवडाभर वाट. आणि आपल्या इलिनॉय राज्याचा निकाल ठरलेलाच असतो, एका मताने काय होतंय. मी म्हणालो, "दिलं." तू म्हणालीस, "वाच बघू." मी कागदावर बोट ठेवून तुला हव्या असलेल्या माणसाचं नाव वाचलं. तू कागद हातात घेतलास, थोडा वेळ धरलास, आणि म्हणालीस, "सही कुठे करू?" मी पाकिटावरची जागा दाखवली.

त्या निवडणुकीचा निकाल तू विचारला नाहीस. तू, जी ग्रामपंचायतीचे निकालसुद्धा पहाटेपर्यंत जागून ऐकायचीस. मी तेव्हा समजूत करून घेतली, की तुला बरं नव्हतं.

आज सकाळी पोरीचा फोन आला. पाच महिन्यांनी. आवाज थकलेला, पण नरम. वर्गात आजी-आजोबांवर धडा चाललाय, तिला मुलांना तुझी गोष्ट सांगायची आहे, बार्शीच्या शाळेची, शंभर प्रश्नांची, आणि तुझ्या पहिल्या मताची. म्हणाली, "त्यांना कळू दे, बाबा, की माझी आजी बाहेरून आली आणि तिने व्होट केलं. शी फिल्ड इट आउट हरसेल्फ, राइट?" मी स्वयंपाकघरातच उभा होतो. नाही म्हटलं असतं तर ती फोन ठेवणार, आणि पुन्हा कधी करेल कोण जाणे. मी म्हणालो, "हो. स्वतः भरलं तिने." ती हसली. मग माझ्या पाठीची चौकशी केली, रविवारी येते म्हणाली. तुझ्या जिवावर मला माझी मुलगी परत मिळतेय, आणि मला लाजही वाटतेय आणि आनंदही होतोय. दोन्ही खरंच वाटतंय.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही आणि तिच्या हाती तर मुळीच लागू द्यायचं नाही. पण एक गोष्ट तुला सांगायची राहिली. परीक्षेत इंग्रजी वाचून पास झालेली तू, डोळ्यांवर चष्मा, हातात कागद. तुला वाचता येतं हे मला त्या क्षणी नीट आठवलं होतं. म्हणून मी उठलो आणि तुझ्याकडे पाठ करून चहाचं आधण ठेवलं. तू किती वेळ वाचत होतीस, वाचताना तुझा चेहरा कसा झाला, मला माहीत नाही. मी बघितलं नाही, आई.