दुसऱ्या आधारावरचे तक्ते

नल्लकुंटा, हैदराबाद
१८ नोव्हेंबर १९९६

प्रिय जयवंता,

तुझं दिवाळीचं पत्र मिळालं. केतकी सहावीत गेली हे वाचून वाटलं, आपण किती पुढे आलो! उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. हल्ली कॉलेजातून आले की चपला काढायचाही कंटाळा येतो. माझ्या गणिताच्या वर्गात नऊ मुली उरल्यात, बाकी सगळी पलटण अमीरपेठेत कॉम्प्युटर शिकते. उरलेल्याही विचारतात, मॅडम, ये पढके अमेरिका जाते क्या? काय सांगू? मी एवढी शिकले आणि शेजारच्या अंबरपेठेच्या पुढे गेले नाही.

आपली संशोधनाची खोली गेल्या आठवड्यात रिकामी केली. तिथे आता कॉम्प्युटर बसणार, वर एसी. तेरा वर्षांपूर्वी आपण तिथेच पुठ्ठ्याने वारा घेत बसायचो. कपाट हलवलं तेव्हा मागे तुझी हिरवी वही निघाली. सांत क्षेत्रातले, म्हणजे मोजक्याच घटकांच्या त्या बंदिस्त संचातले गुणाकार कमी पायऱ्यांत करायची तुझी रीत, आणि पानंच्या पानं तक्ते. आपल्या मार्गदर्शक भगवंतराव सरांनी ते मला तपासायला दिले होते. मी नेहमीच्या बहुपदी आधारावर, म्हणजे एक, अल्फा, अल्फाचा वर्ग, घन, असं धरून एकेक घर ताडून पाहिलं आणि सरांना सांगितलं, एकशे बारा चुका. सरांनी वही मिटली. शोभानं तपासलंय म्हणजे चूक माझीच असणार, एवढंच तू म्हणालीस, आणि दोन महिन्यांत नांदेडचं स्थळ पत्करलंस.

तू पहिल्यांदा आमच्या घरी आलीस ते आठवतं? मी खुणा फीवर हॉस्पिटलकडून सांगितल्या होत्या, तू रिक्षा शंकरमठाकडून आणलीस. मी दारातच भांडले, की चुकीच्या रस्त्याने आलीस म्हणून. अगं, घर तर तेच होतं! तक्त्यांचंही तसंच होतं. तू आधार वेगळा निवडला होतास. घटक तेच, त्यांचे पत्ते तेवढे निराळे. दुसऱ्या पानावर तू ते स्वच्छ लिहिलं होतंस. मी घाईत थेट तक्त्यांवर गेले होते.

आता खरं लिहिते. ते पान मी गेल्या आठवड्यात पहिल्यांदा वाचलेलं नाही. सरांनी वही मिटली, त्यानंतर आठव्या दिवशी वाचलं. तुझ्या आधारावर सगळे तक्ते पुन्हा तपासले. एकही चूक नव्हती. तुझं लग्न तेव्हा ठरलेलंही नव्हतं. पण शिष्यवृत्तीची जागा एकच होती, जयवंता. मी मिठाची गुळणी धरून बसले आणि वही माझ्याच हाताने कपाटामागे सरकवली. माझ्या नावाआधी लागलेलं डॉक्टर तिथून आलंय.

तेरा वर्षं गप्प राहिले, पुढेही राहिले असते. पण तू लिहिलंस, की केतकी गणित घेऊन आली की तू तिला बाबांकडे पाठवतेस, आईला कुठं गणित येतंय म्हणून. ते वाचल्यावर राहवलं नाही. काल भगवंतराव सरांना जाऊन सगळं सांगितलं. वही सोबत रजिस्टरने पाठवते आहे. माफी मागायला मला तोंड नाही. तू फक्त केतकीला शेजारी बसव, दुसरं पान उघड, आणि तिचं गणित आता तूच शिकव.

अजून म्हणू देशील तर तुझीच,
शोभा