अकरा कुंड्यांचा करपा

४ मार्च
ही आज लेकीकडे गेली. बाळंतपण. मुक्काम दीड महिना. फ्रिजवर कागद चिकटवून गेलीय. वर ‘ऑर्किड’, खाली तीन ओळी. पाणी सकाळी. पानांच्या बेचक्यात पाणी साठू देऊ नका. जागा हलवू नका. तिसऱ्या ओळीखाली दोन रेघा. माझ्या जेवणाबद्दल एक अक्षर नाही.

कुंड्या अकरा, मागच्या अंगणातल्या झाडाखाली टांगलेल्या. त्यातली पांढरी हिच्या ताईने दिलेली. ताई जाऊन दोन वर्षं झाली. पांढरी दर एप्रिलात फुलते, आत्ता दांडीवर सात कळ्या आहेत. बॅग उचलताना हिने तीनदा बजावलं, की बाकीच्या गेल्या तरी चालतील, तेवढी सांभाळा. मी म्हटलं, नट आवळायच्या पान्यांच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं क्वालिटी कंट्रोलला होतो. तेव्हा पाने तपासले, आता पाने तपासीन. हिला विनोद कळला नाही. रिक्षावाला हसला.

६ मार्च
उद्यापासून: सहाला उठणे. पाणी. व्यायाम. गंभीर वाचन. वाचनाला जागा हवी. घरात डुलकी लागते. झाडाखाली आरामखुर्ची उत्तम बसेल, पण तिथे डोक्याला कुंड्या लागतात.

७ मार्च
उठलो साडेआठला.
कुंड्यांचा नीट विचार केला. त्यांना उजेड कमी पडतोय. रोपाला ऊन लागतं हे चौथीतल्या पोरालाही ठाऊक असतं. अकराही कुंड्या पुढच्या गच्चीच्या कठड्यावर नेल्या. क्रम तोच ठेवला, म्हणजे एकमेकींच्या मानाने कुणाचीच जागा हललेली नाही. कागद तंतोतंत पाळला. मग झाडाखालची जागा ओकीबोकी दिसू नये म्हणून तिथे खुर्ची मांडली.
वाचन: दोन पानं. विश्रांती: सव्वादोन तास.

१२ मार्च
पानांवर काळे डाग! सहा कुंड्यांवर. पांढरीच्याही दोन पानांवर, मधोमध, रुपयाएवढे. कोरडे, खरखरीत.
घाबरलो नाही. फक्त चहा दोनदा केला.

१३ मार्च
रूट कॉज अ‍ॅनालिसिस. वहीत तक्ता आखला.
पाणी: रोज (जवळजवळ). खत: घातलेलं नाही. शेजारच्या शिंपीकाकांचं मांजर: संशयास्पद. जागा: तपासायची गरज नाही, क्रम तोच आहे.
शिंपीकाकांनी कठड्यापलीकडून मान वर करून विचारलं, की तिथे ऊन फार नाही का होत. म्हटलं, काका, तुम्ही कापडातले. त्यांनी मान खाली घातली. मांजराबद्दल विचारायचं राहिलं.

१४ मार्च
हिच्या नर्सरीवाल्या बाईंना फोटो पाठवला. लगेच फोन आला. म्हणाल्या, अहो, हे करपलंय.
करपा! मला वाटलंच होतं. माझा आतेभाऊ शेती करतो, त्याच्या कांद्यावर दरवर्षी करपा पडतो. बाई पुढे सावली-बिवली असं काहीतरी बोलत होत्या, पण रोगाचं नाव कळल्यावर फोन लांबवायचा नसतो. थँक्यू म्हणून ठेवला. चला, निदान निदान तरी झालं.

१५ मार्च
शेतीच्या औषधांच्या दुकानात गेलो. करप्याचं औषध द्या म्हटलं. दुकानदाराने विचारलं, किती एकर. म्हटलं, अकरा कुंड्या. त्याने काढलेलं मोठं पाकीट परत फळीवर ठेवलं. मग एक पुडी दिली आणि म्हणाला, साहेब, एकदम हलका हात ठेवा.
माझा हात हलकाच आहे. संध्याकाळी फवारणी केली. रोग जुना दिसतोय म्हणून डोस दुप्पट. बेचक्यांतही भरपूर सोडलं. कागदावर पाण्याची मनाई आहे, औषधाची नाही.

१९ मार्च
डाग वाढले. म्हणजे औषध लागू पडतंय. रोग बाहेर निघतोय.

२० मार्च
व्हिडिओ कॉल. हिला ऑर्किड बघायचे होते. मी फक्त पांढरीच्या कळ्या दाखवल्या, अगदी जवळून. खूश झाली. मग म्हणाली, एवढा लख्ख उजेड कुठला हो? म्हटलं, नवा फोन आहे. म्हणाली, फोन चार वर्षांपूर्वीचा आहे. नेटवर्क गेलं. (मी घालवलं.)

२२ मार्च
ऑपरेशन. स्वयंपाकघरातल्या कात्रीने सगळ्या कुंड्यांची काळी पानं कापली. एका दमात अकरा, मध्ये कात्री पुसायलासुद्धा थांबलो नाही. कारखान्यात याला फ्लो म्हणत. पांढरीला सात पानं होती, आता तीन.
यूट्यूबवरचा एक गृहस्थ म्हणत होता, दर कुंडीला कात्री धुवा, नाहीतर एकीचं दुखणं दुसरीला लागतं. भित्रा माणूस.

२६ मार्च
नवा प्रकार. कापलेल्या जागी ओलसर, मऊ, काळं. बोट लावलं तर आत गेलं. वास येतो. तक्त्यात ‘वास’ हा रकाना नव्हता, वाढवला.
डावीकडची दुसरी, तिसरी आणि पाचवी रिजेक्ट.

२७ मार्च
नात झाली! सकाळी दहाला. दोघी सुखरूप. लेक फोनवर हसत होती, आवाज दमलेला. मला भरून आलं. म्हणून फवारणी केली.

२९ मार्च
आजारी कुंड्यांसाठी आयसोलेशन वॉर्ड. जागा: गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा पत्रा. कडकडीत ऊन, जंतू टिकायचा नाही. पत्र्यावर हात ठेवून पाहिला. ठेववला नाही. उत्तम.
पांढरीला वॉर्डात न्यायचं की नाही यावर सकाळभर विचार केला, झाडाखाली बसून. तिथे गारवा असतो, डोकं चालतं. शेवटी नेली. रोज फक्त दुपारपुरती.

३० मार्च
दुपारी खुर्चीत डोळा लागला. पांढरी संध्याकाळी सहापर्यंत पत्र्यावर राहिली. दोन कळ्या गळाल्या.

१ एप्रिल
आणखी तीन गळाल्या. उरल्या दोन. कळ्या फेकवेनात. काडेपेटीत ठेवल्या.
ही कधी रागावत नाही, गप्प होते. तेच वाईट. ताई गेली तेव्हा ही आठ दिवस गप्प होती. रोज सकाळी उठून फक्त या एका कुंडीपाशी जाऊन उभी राहायची. मला आज सारखं तेच आठवतंय. का, कळत नाही. तक्त्यात याला रकाना नाही.

३ एप्रिल
लेकीच्या सासूबाई मदतीला आल्या, म्हणून ही परवा परत येणार. दोन आठवडे आधी!
नवा प्लॅन. अकरा कुंड्या पुन्हा झाडाखाली, जुन्या क्रमाने. रिजेक्ट कुंड्यांत शिंपीकाकांकडची शोभेची पानं खोवायची. काका म्हणाले, कापडाची आहेत, चालतील का? म्हटलं, लांबून कोण बघतंय.

५ एप्रिल
ही आली. पिशवी खाली न ठेवता थेट मागच्या अंगणात. कापडी पान उपटून माझ्या हातात दिलं. लांबून बघत नाही ती, हे मला छत्तीस वर्षांत लक्षात यायला हवं होतं.
मी तक्ता दाखवला. करपा कसा पडला, काय उपाय केले, सगळं सांगितलं. हिने नर्सरीवाल्या बाईंना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. बाई म्हणाल्या, करपा कुठला हो, मी ‘करपलंय’ म्हटलं, उन्हाने, पोळी करपते तसं. नुसतं सावलीत ठेवा असं सांगत होते, तर साहेबांनी फोनच ठेवला. एवढ्याशा डागांनी झाड मरत नाही म्हणाल्या. पुढची सड औषधाच्या पाण्याने आणि कात्रीने.
मी म्हटलं, उच्चार स्पष्ट हवा होता.
हिने आरामखुर्चीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आत गेली.

६ एप्रिल
गप्प. हिने पांढरी कुंडीतून काढली. सगळी मुळं कुजलेली, एकसुद्धा हिरवं नाही. दांडी कापून पेल्यात, पाण्यात ठेवली. दोन कळ्या. पेला खिडकीत, ताईच्या फोटोशेजारी. मी काडेपेटी पुढे केली. हिने उघडली, पाहिली, बंद करून आपल्याजवळ ठेवली.

८ एप्रिल
गप्पच. पेल्यातली एक कळी अर्धवट उमलली. दुसरी गळाली.
मी स्वतःहून म्हटलं, की उजेड वगैरे काही नाही, मला खुर्ची ठेवायची होती. इतक्या दिवसांत वहीतही सरळ लिहिलं नव्हतं. म्हणाली, माहीत आहे.

९ एप्रिल
सकाळी उठलो तर झाडाखाली जगण्यासारख्या उरलेल्या चारच कुंड्या. खुर्ची पुढच्या गच्चीवर, कठड्याला लागून. ही म्हणाली, बसा, वाचायला उजेड भरपूर आहे.
बसलो. ती उठा म्हणेपर्यंत उठायचं नाही असं ठरवलं होतं. दुपारी दीडला ती ओलं फडकं घेऊन आली, माझ्या मानेवर ठेवलं आणि म्हणाली, करपलंय. उठा आता.
या वेळी शब्द नीट ऐकला. उठलो.