एकशे सतरा नंबर

१४ डिसेंबर १९९८, सोमवार
सकाळी साडेदहाला दीपा माझ्याकडं बघून हसली – तिथंच माझं सगळं फिरलं!

कारखान्यात दोन खिडक्यांतून उसाच्या गाड्यांना नंबर देतात. एका खिडकीत दीपा. सॉफ्टवेअर माझं. रांग सरकेना म्हणून एक ड्रायव्हर तिला नको ते बोलला. मी कॉलर धरून भिंतीवर आपटलं त्याला.

नव्या सर्व्हरमध्ये दोन प्रोसेसर, पण डेटाबेसचं लायसन एकाच प्रोसेसरचं. दुसरा नुसता बसून! पुण्याचा कंपनीवाला फोनवर म्हणे, "प्रोसेसर दोन, तर लायसनही दोन." अरे, मशीन एकच ना? फोन आपटला. त्यांचं लॉक फोडलं. दुसरा प्रोसेसर चालू! रांग पळाली.

"कॉलेज सोडलं तरी डोकं हाय की तुला!" – दीपा.

१७ डिसेंबर
दीपाच्या डब्यातला ठेचा. तोंड भाजलं. आणखी मागितला.

२२ डिसेंबर
रक्त. वजनकाट्यासमोर.

दोन गाड्यांना एकच नंबर – ११७! एक चिठ्ठी दीपाच्या भावाकडं, करणकडं. दुसरी शेवगावच्या श्रीमंत नावाच्या ड्रायव्हरकडं, दुसऱ्या खिडकीतली.

"ट्रॅक्टर मागं घे, नंबर माझा हाय!"

"तुझा कसला? बहिणीनं घरी छापून दिला व्हय रं?"

करणनं कोयता उचलला. श्रीमंतच्या खांद्यावर एक, मानेवर एक. मी मधे पडलो, करणच्या कोपरानं दात तुटला. श्रीमंतला नगरला दवाखान्यात नेलंय. करण पळाला.

सगळे म्हणतात, दीपानंच भावाला खोटा नंबर दिला.

२३ डिसेंबर
दीपाला कामावरून काढलं. गेटवर श्रीमंतच्या माणसांनी तिला दगड मारले.

दिवसभर माझाच प्रोग्राम वाचला. सापडलं. खिडकी शेवटचा नंबर वाचते, त्यात एक मिळवते. एका प्रोसेसरवर दोन्ही खिडक्यांचं काम एकामागून एक व्हायचं. आता दोन प्रोसेसरवर दोन्ही खिडक्यांनी एकाच क्षणी ११६ वाचला. दोन्हींनी ११७ दिला. दीपानं काहीच केलं नाही – मी केलं!

भिंतीवर मूठ मारली. बोटं सुजलीत. दुखू दे.

सांगितलं तर लायसन फोडल्याची केस. शिवाय दीपा पुन्हा तोंड बघणार नाही.

२४ डिसेंबर
नाही सांगितलं. भेकड!

२५ डिसेंबर
श्रीमंत पहाटे गेला. करणला तिसगावात धरलं. आणि आत्ता दीपालाही जीपमध्ये घातलं – भावाबरोबर कट केला म्हणून! जीपमधून तिनं माझ्याकडं बघितलं. ओरडली, "तू तरी सांग ना यांना, मी न्हाई केलं!"

प्रोग्रामचा कागद खिशात घेतलाय. पोलीस ठाण्यात निघालो. दार ओढून घेतो.