साखरपुड्यातल्या अक्षता

पडेगाव, सोमवार

चि. कावेरी,

वकिलानं शपथपत्र लिहून धाडलंय. 'साखरपुडा झाला, लग्न झालं नाही,' याखाली माझी सही पाहिजे. चार दिवस झाले, हात धजत नाय.

बायको म्हणून अमेरिकेला जायला लई दिवस लागतात, ठरलेली नवरी म्हणून लवकर जाता येतं, म्हणून तू अन् डॅनियलनं लग्न तिकडंच ठरवलं. मला बजावलंस, "मामा, इथं नुसता साखरपुडा. अक्षता नकोत." मी व्हय म्हणालो.

पण तुझे वडील गेल्यापासून मी तुझ्या लग्नाच्या दिवसाची वाट बघत होतो. तिकडं तुझ्या मागं मामा म्हणून कोण उभं राहणार? मग मीच आंतरपाट धरायला लावला, मीच अक्षता वाटल्या अन् तुझ्या मागं उभा राहिलो. तू एकदा वळून बघितलंस अन् पुन्हा समोर तोंड केलंस.

मुंबईला व्हिसाच्या मुलाखतीला निघालीस, तेव्हा फोटोंचं पाकीटही मीच भरलं. सगळ्यात चांगला फोटो वर ठेवला. साहेबानं तोच बघून विचारलं, "मागं उभा आहे तो कोण?" तू खरं सांगितलंस, "माझा मामा." लग्नात मुलीमागं मामा उभा राहतो, हे त्याला ठाऊक होतं. तुझं लग्न झालेलंच आहे म्हणून त्यांनी अर्ज फेटाळला. तेव्हापासून तू माझ्याशी बोलली नाहीस.

शपथपत्रात एक ओळ आहे: 'फोटोत मुलीमागं दिसणारा इसम गर्दीमुळं तिथं उभा होता.' उद्या कोर्टात जाऊन सही करतो. तुला ते कागद मिळतील. हे पत्र माझ्या पेटीत राहील.

सुखानं जा, पोरी.

गर्दीतला एक,
बद्रीनाथ