मुठीतला फ्यूज

दि. ४ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन पार्सलने पाठवलाय, मिळाला असेल. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून लिहितेय. नको असतं तेवढंच ऐकू येत नाही, हेही मला ठाऊक आहे.

गेल्या महिन्यात आले तेव्हा बाथरूमचं छत बघितलं. काळी बुरशी पार दारापर्यंत पोचलीय. तुमचा खोकला त्या ओलीमुळेच, असं डॉक्टरीणबाईंनी माझ्यादेखत सांगितलं. तुम्ही मात्र त्यांच्या टेबलावरचा दिवा का लुकलुकतोय तेच बघत बसलात! बाहेर आल्यावर म्हणालात की पंखा पाठव, एका दुपारचं काम आहे. निम्म्या गावाची वायरिंग केलेला माणूस म्हणतोय म्हटल्यावर मी विश्वास ठेवला.

आता माझी अट ऐका. एकतीस तारखेपर्यंत पंखा फिरला नाही, तर घराला कुलूप लावून कायमचं इकडे यायचं. मागची खोली झाडून ठेवलीय. तुमचे जावई म्हणतात, बाबा आले की आपल्या घरातलं एकही बटण जागेवर राहायचं नाही. तरी बिचारे पलंग सरकवतायत.

लोभ असू द्या, आणि शिडीवर चढताना नाकावर चष्मा असू द्या.

तुमची,
ठिणगी


दि. ११ मार्च

चि. ठिणगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पंखा पोचला. तू ज्याला पंखा म्हणतेस त्याची पाती माझ्या तळहाताएवढी आहेत. सध्या त्याच्या खोक्यावर चहाचा कप ठेवतो. उंची अगदी बेताची आहे.

एका दुपारचं काम म्हणालो होतो. कोणती दुपार ते बोललो नव्हतो. बाथरूमला जुन्या दोनच तारा आहेत, अर्थिंगचा पत्ता नाही. ओल्या जागी अर्थिंगशिवाय पंखा लावणाऱ्यातला मी नव्हे. तिसरी तार मीटरच्या बोर्डापासून ओढायची, म्हणजे घरातल्या बोळातली, तारांवरची सगळी लाकडी पट्टी उघडायची. तुझ्या समाधानासाठी बाजारातला एक वायरमन बोलावला. पठ्ठ्यानं वीज बंद न करताच तारांना हात घातला! त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला.

मागच्या खोलीत तू डबे ठेव, ट्रंका ठेव, मी हलणार नाही. या घरातली तार कुठून कुठे गेलीय ते मी डोळे मिटून सांगतो. तुझ्या घरात मला अजून पाणी तापवायचं बटण सापडत नाही. मला इथेच राहायचंय, पोरी.

पार्सलं कमी पाठवलीस तरी लोभ आटणार नाही.

तुझा,
बाबा


दि. २० मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं बिंग फुटलं! शेजारच्या मास्तरीणबाई इकडे लेकीकडे आल्या होत्या. त्यांनी सगळं सांगितलं. तिसरी तार ओढून झालीय. खिडकीच्या वरच्या काचा काढून फळी बसवलीय, तिच्यात पंखा स्क्रूंनी पक्का केलाय, बाहेर बटणही लागलंय. राहिलंय काय, तर पंख्याच्या तारा जोडायच्या. दहा मिनिटांचं काम, आणि चार दिवस त्या तारा लोंबकळतायत. तुम्ही म्हणे रोज सकाळी शिडी उघडता, थोडा वेळ तिच्यापाशी उभे राहता आणि मिटून ठेवता.

आता चेष्टा पुरे. हात थरथरतो का तुमचा? चक्कर येते का? मला भीती वाटते, बाबा. हातातलं काम टाकून तुमचाच विचार करत बसते. तुम्ही स्वतःचं कधी काही सांगत नाही. आई होती तोवर तुमच्या चोरून तीच कळवायची. आता कोण कळवणार?

लोभाची काळजी नाही, उत्तराची आहे. उलट टपाली पाठवा.

तुमची,
ठिणगी


दि. २४ मार्च

चि. ठिणगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हात थरथरत नाही. पुरावा म्हणून हे अक्षर बघ, तुझ्यापेक्षा सुवाच्य आहे.

लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. मी फ्यूज काढून फळीवर ठेवला आणि शिडीवर चढलो. तुझ्या आजीला धान्य निवडायला उजेड हवा होता. तिनं तो खुशाल परत बसवला. मी वरून खाली आलो तो थेट कोठीच्या पिंपावर. त्या दिवसापासून घरात फ्यूज काढला की तो तुझ्या आईच्या मुठीत. ती बोळात स्टुलावर बसायची आणि मी दे म्हटल्याशिवाय कुणाला म्हणून द्यायची नाही. पाहुणे आले तर डाव्या हातानं पाणी द्यायची. एक्केचाळीस वर्षं.

आता फ्यूज काढतो आणि तो हातात घेऊन उभा राहतो. कुठे ठेवावा ते सुचत नाही. फळीवर ठेवून पाहिला, खिशात ठेवून पाहिला. घरात मी एकटा, परत बसवायला येतंय कोण? डोक्याला पटतं, पण पाय दुसऱ्या पायरीच्या वर जात नाहीत. तुझी आई नाही, हे मला रोज सकाळी त्या शिडीपाशी नव्यानं कळतं.

झालं समाधान? हस आता.

सोबत फ्यूज पाठवतोय. बाथरूमला आणि बोळाला आता दिवा नाही, तेव्हा फार उशीर करू नकोस.

तुझा,
बाबा


दि. २७ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फ्यूज पोचला. हसले नाही. आधी रडले, मग थोडी हसले. असला फ्यूज कुठल्याही दुकानात मिळतो हे एवढ्या जुन्या वायरमनला ठाऊक नाही का, असं तुमचे जावई विचारत होते. त्यांना म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं ते.

शनिवारी सकाळच्या गाडीनं येते. स्टूल पुसून ठेवा. आणि तोवर अंधारात साबणावरून घसरलात तर अट लागू होईल, आधीच सांगते.

लोभ मुठीत घट्ट धरलाय.

तुमची,
ठिणगी


दि. १२ एप्रिल

चि. ठिणगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पंखा झकास चालतो. पाती लहान आहेत, पण कामाची आहेत, तुझ्यासारखीच. छत सुकलं, घासून चुना दिला. खोकला निम्म्यावर आलाय. उरलेला डॉक्टरीणबाईंसाठी राखून ठेवलाय. मागच्या खोलीत तू शिलाई मशीन ठेवलंस हे तुझ्या परवाच्या कार्डात वाचून मास्तरीणबाईंना पेढा म्हणून साखर दिली.

तुझ्या कामगिरीबद्दल दोन शब्द. फ्यूज दोन्ही हातांनी धरलास, आणि दर मिनिटाला झालं का म्हणून विचारलंस. तुझी आई एका मुठीत तो धरून दुसऱ्या हातानं शेंगा सोलायची. आणि काम झाल्यावर मी दे म्हणालो, तर तू मूठ उघडेनास! पण वरून खाली पाहिलं तेव्हा स्टुलावर माझं माणूस होतं. पाय मुकाट वर चढले. तेव्हा बोलता आलं नाही, म्हणून लिहितो.

बाकी सर्व ठीक. कळावे.

तुझा,
बाबा

ता. क. पाकीट जड का, असं पोस्टमन विचारील. स्वयंपाकघरातली ट्यूब जरा लुकलुकते, म्हणून तिथला फ्यूज घातलाय. घाई काही नाही. मी दिवसाउजेडी स्वयंपाक उरकतो. शनिवार सोयीचा पडेल.