सासूबाईंचं आजारपण

आई,

तुम्ही देवळात गेल्यावर मस्कतहून आमच्या हॉस्पिटलच्या हेडनर्सचा फोन आला. "सासूबाईंना आता कसं आहे?" म्हणून काळजीने विचारत होत्या. परीक्षेसाठी रजा मिळेना, म्हणून मी तुमचं आजारपण सांगून आले होते. तुम्हाला हे सांगायचा धीर झाला नाही.

आज मात्र खोटं तोंडातून निघेना. खरं ते सांगून टाकलं आणि नोकरी गेलीच असं धरून उभी राहिले. त्या म्हणाल्या, "मीसुद्धा नोकरी करूनच शिकले, सुविधा. पेपर लिहून ये. पण आधी सासूबाईंची माफी माग."

माफ करा, आई. घरी आल्यापासून आज पहिल्यांदा सकाळची पेज पोटभर खाल्ली.

साडेआठच्या बसने पणजीला जाते. माशांचं हुमण करून ठेवलंय, पावाचे उंडे डब्यात आहेत. शेवटचा पेपर एकला सुटेल. चार वाजता सानवीला शिकवणीहून मी आणते. माझी लेक असली तरी तीन वर्षं तुम्हीच सांभाळलंत, मला बघून ती तुम्हालाच शोधेल, ठाऊक आहे. तरी आज तिला आणायला मला जाऊ द्या.

सुविधा