कर्णकुंडलचे शंभर श्रोते

२ जानेवारी
भंगारवाल्याच्या भोंग्याची नोंद इतिहासात कुठेतरी व्हायला हवी, म्हणून इथे करतो. आज सकाळी दहा वाजून सात मिनिटांनी मी गाद्यांच्या खोलीत, आवाज घुमू नये म्हणून डोक्यावरून रजई घेऊन, 'पळी' या विषयाच्या उत्तरार्धात शिरलो होतो. त्याच क्षणी बडोद्यातल्या आमच्या मांजलपूरच्या सोसायटीत 'जूनुं लोखंड, पस्ती, भंगार' शिरलं. पुन्हा रेकॉर्ड करण्याइतकी रजईत हवा उरली नव्हती. तसंच अपलोड केलं.
पॉडकास्टचं नाव 'कर्णकुंडल'. स्वयंपाकघरातल्या एकेका भांड्याची संस्कृतातली वंशावळ. भाग सात. श्रोते अकरा.

३ जानेवारी
निरुपमाने (पत्नी) मुदत दिली. रथसप्तमीपर्यंत शंभर श्रोते झाले तर खोली माझी. नाहीतर हॉलमध्ये रचलेल्या गाद्या परत खोलीत, आणि मी बाहेर. हसून मान्य केलं. एकतीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. वर्षाला चाळीस मुलं धरली तरी बाराशे चाळीस तयार श्रोते. एकतीस वर्षं ऐकत होते, आताही ऐकतील. फक्त कळवायचं आहे. शंभर हा आकडा थोडा अपमानास्पद वाटतो.

६ जानेवारी
मोहनाचा पुण्याहून फोन. (कन्या. टेक्निकल खातं तिच्याकडे.) म्हणे, बाबा, लोक सरासरी चार मिनिटं ऐकतात आणि तुमचं मंगलाचरणच नऊ मिनिटांचं आहे, कापा ना. मी समजावलं, याचा अर्थ लोक मंगलाचरणातच तृप्त होतात. त्यावर फोन कट झाला. नेटवर्क असावं.
पळीच्या भागावर पहिला अभिप्राय आला: भंगारवाल्याचा नंबर मिळेल का?

८ जानेवारी
कल्पना सुचली. उतराणला, म्हणजे संक्रांतीला, सगळं बडोदं गच्चीवर असतं आणि वर बघत असतं. चाळीस पतंग. प्रत्येकावर क्यूआर कोडचा कागद, खाली माझा मोबाइल नंबर. पतंग कापला गेला की नव्या घरी जाणार, म्हणजे जितका हरेन तितका प्रसार.
समोरचे मानसिंगराव (पूर्वज संस्थानच्या फौजेत, स्वतः इन्शुरन्समध्ये) म्हणाले, मास्तर, कागदाच्या वजनाने पतंग कलंडेल. क्षात्रवृत्तीला जाहिरातीतलं कळत नाही.

१४ जानेवारी
९.०० वारा उत्तम.
९.२० पहिला पतंग जागच्या जागी गोल फिरतो, वर जात नाही. निरुपमा म्हणाली, त्यालाही ऐकायचं नसेल.
१०.३० अठरा कापले गेले. त्यातले नऊ एकट्या मानसिंगरावांनी. दर वेळी 'काप्यो' ओरडतात आणि वर अभिनंदन, मास्तर, म्हणतात.
१.०० चाळीसही संपले. संपूर्ण यश. उंधियू दोनदा घेतला.

१५ जानेवारी, वाशी उतराण (म्हणजे दुसरा दिवस)
श्रोते बारा. लोक अजून गच्चीवरून उतरले नसणार. समोरच्या कडुनिंबावर माझे सात पतंग आहेत. कावळ्यांना अडचण होते.

१८ जानेवारी
घरी हळदीकुंकू. वाण म्हणून चहाची गाळणी. सकाळीच प्रत्येक गाळणीवर कोडचा स्टिकर लावून ठेवला होता. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या समा भागातून आलेल्या राजेश्वरीवहिनींनी तो तिथेच नखाने खरडला. म्हणाल्या, याचा चिकटपणा जात नाही बाई, खोबरेल आहे का? मग सगळ्यांनीच खोबरेल मागितलं. बाटली मीच फिरवली.
श्रोते तेरा.

२१ जानेवारी
अखेर फोन. उत्कर्ष, दहावीची २००९ची बॅच. दोन सोसायट्या सोडून राहतो, गच्चीत पतंग मिळाला. केम छो सर, आवाज लगेच ओळखला, म्हणाला. बाराशे चाळीसांतला पहिला. किती ऐकलंस, विचारलं. म्हणाला, खरं सांगू सर, जेवून लावला आणि मस्त झोप लागली, एकदम रिसेसनंतरच्या तुमच्या पिरियडसारखी. खिडकीजवळच्या बाकावर काय वारा यायचा, आणि तुम्ही कधी उठवलं नाही. अख्खा वर्ग झोपायचा सर, पेलो आशय, तो तर घोरायचा. आता रोज दुपारी लावीन.
फार प्रेमाने बोलत होता. मी आशीर्वाद दिला.
श्रोते चौदा.

२२ जानेवारी
रेकॉर्डिंग नाही. घसा.

२५ जानेवारी, रथसप्तमी
श्रोते चौदाच. सकाळी गाद्या मीच आत नेऊन रचल्या. निरुपमा टोमणा मारेल असं वाटलं होतं. तिने रजई तेवढी बाहेर ठेवली आणि म्हणाली, हॉलमध्ये बसून बोला, तेवढा वेळ मी कुकर लावणार नाही.
खोली गेल्याचं फारसं वाईट वाटत नाही. उत्कर्षच्या फोनपासून डोक्यात दुसरंच आहे. वर्गात हजेरी घेतली की चाळीसच्या चाळीस मुलं येस सर म्हणायची, आणि मग मी पुस्तक उघडून बोलायला लागायचो. ती ऐकतायत असं मी धरूनच चाललो होतो. ऐकत नसतील, तर एकतीस वर्षं मी कुणाशी बोलत होतो, याची मला भीती वाटते.